एका तुरुंगातील दोन जन्म

नाशिकच्या तुरुंगाचे मराठी माणसावर दुहेरी ऋण आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच रात्रींत ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्याच सुमारास, त्याच भिंतींआड काही तरुण सत्याग्रही निराळ्याच विवंचनेत होते. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही त्यांतली ठळक नावे. कायदेभंगाची चळवळ ओसरत चालली होती. स्वराज्य आले तरी ते कुणाचे येणार, शेतमजुराचे आणि गिरणीकामगाराचे की केवळ साहेबाच्या खुर्चीत बसणाऱ्या एतद्देशीयाचे, असा प्रश्न या मंडळींना पडला होता. त्या चर्चांतून एका पक्षाची कल्पना निघाली. एकाच तुरुंगात एक पुस्तक जन्मले आणि एक पक्षही. पुस्तक आजही घरोघर वाचले जाते. पक्ष मात्र विलीन झाला.

वर्गात ‘श्यामची आई’तील उतारा शिकविताना एक प्रश्न हमखास येतो. “सर, गुरुजी तुरुंगात का होते?” याचे उत्तर सोपे आहे. परंतु एके वर्षी एका मुलाने पुढचा प्रश्न विचारला, “मग त्यांचा पक्ष कोणता?” मी म्हटले, “नंतर ते समाजवादी पक्षात होते.” तो म्हणाला, “तो पक्ष आता कुठे आहे?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. त्याला द्यावयाचे राहिलेले उत्तर येथे देण्याचा विचार आहे.

राजकीय पक्षाचे परीक्षण हे साहित्याच्या अंकाचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु पक्षालाही एक कथा असते. तिला आरंभ असतो, पात्रे असतात, संघर्ष असतो आणि बरावाईट शेवटही असतो. कादंबरी लिहिणाऱ्याने ती कादंबरीच्या कसोट्यांवर तपासली तर त्यात फारसे वावगे होऊ नये. समाजवादी पक्षाची कथा या कसोट्यांना लावली म्हणजे प्रथम जाणवते ते हे की, इतकी गुणी पात्रे एका कथेत क्वचितच एकत्र आली असतील. आणि इतक्या गुणी पात्रांची कथा इतकी विसकटावी, हेही क्वचितच घडले असेल.

आरंभ तर फारच चांगला झाला. १७ मे १९३४ रोजी पाटण्यास आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समाजवादी काँग्रेसजनांची परिषद भरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या अधिवेशनात काँग्रेस समाजवादी पक्ष रीतसर उभा राहिला. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाचे गाढे पंडित. जयप्रकाश अमेरिकेतील विद्यापीठांतून मार्क्सवाद घेऊन आलेले. राममनोहर लोहिया बर्लिनहून डॉक्टरेट मिळवून आलेले. कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. ‘चले जाव’ या घोषणेचे जनकत्व ज्यांच्याकडे दिले जाते ते युसुफ मेहेरअली होते. पुण्याकडून एस. एम. जोशी आणि गोरे. या पक्षात शिरावयाचे तर आधी काँग्रेसचे सभासद असावे लागे. घरात राहूनच घराची रचना बदलावी, असा हा विचार होता. तो चूक होता असे म्हणवत नाही. देश पारतंत्र्यात असता वेगळी चूल मांडणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. पण हा पक्ष दुसऱ्याच्या घरात जन्मला ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी, कारण स्वतःचे घर बांधावे कसे, हे तो पुढेही फारसे शिकला नाही.

पहिला चटका लवकरच बसला. डाव्यांची एकजूट व्हावी या सदिच्छेने १९३६ साली कम्युनिस्टांना पक्षाची दारे उघडण्यात आली. चार वर्षांनी, १९४० साली, त्यांना बाहेर काढावे लागले. तोवर केरळसारख्या प्रांतातील शाखा जवळजवळ सगळीच्या सगळी कम्युनिस्टांकडे गेली होती. एकत्र येण्यापूर्वी आपण कोण आहोत हे पक्के असावे लागते, असा या अनुभवाचा धडा होता. तो गिरविला गेला नाही.

मग आले बेचाळीस. दिवाळीच्या अंकात ती रात्र आठवल्याखेरीज कसे राहवेल? १९४२ च्या दिवाळीत हजारीबागच्या तुरुंगात दिवाळीचा समारंभ चालू होता. त्या गडबडीत जयप्रकाश आणि त्यांचे पाच सोबती धोतरांना गाठी मारून केलेल्या दोरावरून भिंत ओलांडून अंधारात नाहीसे झाले. बाहेर अच्युतराव, लोहिया, अरुणा असफअली ही मंडळी भूमिगत राहून चळवळीची धुरा वाहत होती. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथी गुप्त रेडिओ चालवीत होते. काँग्रेसचे वडीलधारे नेते तुरुंगात असता या तरुणांनी चळवळ विझू दिली नाही. सुटल्यावर लोहिया विश्रांतीसाठी गोव्यास गेले आणि तेथेही स्वस्थ बसले नाहीत; १८ जून १९४६ रोजी मडगावला त्यांनी पोर्तुगीजांचा सभाबंदीचा हुकूम मोडला. इकडे एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९४१ साली नव्याने उभे राहिलेले राष्ट्र सेवा दल गावोगावच्या मैदानांवर मुलामुलींना एकत्र खेळवीत होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावले आणि ते खुले झाले. पक्षाची कथा या काळात ऐन रंगात आलेली दिसते.

स्वराज्य आले आणि काँग्रेसने आपल्या पोटात दुसरा पक्ष नांदू द्यावयाचा नाही असे ठरविले. १९४८ च्या मार्चमध्ये, पुन्हा नाशिकलाच, समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. त्या वेळचा एक प्रसंग विसरता येण्यासारखा नाही. उत्तर प्रदेशच्या विधानसभेत नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. काँग्रेस सोडली म्हणजे तिच्या नावावर मिळालेली जागाही सोडली पाहिजे, असे म्हणून त्यांनी राजीनामे दिले आणि पुन्हा मतदारांपुढे गेले. नरेंद्र देव स्वतः त्या पोटनिवडणुकीत पडले. कुणाही कायद्याने त्यांना हे करावयास भाग पाडलेले नव्हते. पक्षांतराच्या पुढच्या साऱ्या इतिहासावर प्रकाश पाडणारा हा एक दिवा आहे असे मी मानतो. मुलांना नागरिकशास्त्र शिकविताना तो दाखविला पाहिजे.

येथून पुढे विलीनीकरणांचे प्रकरण सुरू होते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला देशभरातून सुमारे १०.६ टक्के मते मिळाली. काँग्रेसखालोखाल सर्वांत जास्त मते याच पक्षाची. पण लोकसभेत जागा मिळाल्या अवघ्या १२. सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मते घेणाऱ्या कम्युनिस्टांनी १६ जागा जिंकल्या, कारण त्यांची मते ठरावीक टापूंत एकवटलेली होती आणि समाजवाद्यांची सर्वत्र विखुरलेली. आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला ५.८ टक्के मते आणि ९ जागा मिळाल्या होत्या. दोन्हींची बेरीज सोळा टक्क्यांच्या वर जाते, हे पाहून सप्टेंबर १९५२ मध्ये मुंबईत दोन्ही पक्ष एक झाले आणि प्रजासमाजवादी पक्ष निघाला.

ही बेरीज पाटीवर बरोबर होती. परंतु माणसांची बेरीज पाटीवर होत नसते. एका बाजूस मार्क्स वाचून, गिरण्यांच्या दारांशी भाषणे करून तयार झालेले तरुण. दुसऱ्या बाजूस गांधीजींच्या सावलीत वाढलेले आणि काँग्रेसवर रुसलेले वडीलधारे. दोघेही सज्जन. दोघांचेही हेतू निर्मळ. पण काँग्रेसशी सहकार्य करावयाचे की झुंजावयाचे, या मूळ प्रश्नाचे उत्तर न ठरविताच दोघांनी एक छप्पर घेतले. वर्षाच्या आत जयप्रकाश आणि पंडित नेहरू यांच्यात सहकार्याची बोलणी झाली आणि फिसकटली. १९५३ च्या जूनमध्ये बैतूलच्या अधिवेशनात अशोक मेहतांनी मागासलेल्या अर्थव्यवस्थेतील राजकीय अपरिहार्यता मांडली, आणि लोहियांना त्यात शरणागती दिसली. पुढच्याच वर्षी जयप्रकाशांनी भूदानाला जीवनदान दिले आणि ते पक्षीय राजकारणातून दूर झाले.

१९५७ च्या निवडणुकीपर्यंत लोहिया बाहेर पडलेले होते. प्रजासमाजवादी पक्षाला त्या निवडणुकीत सुमारे १०.४ टक्के मते पडली. म्हणजे १९५२ साली समाजवादी पक्षाला एकट्याने जेवढी मिळाली होती, तेवढीही नाहीत. विलीनीकरणाच्या गणिताचे उत्तर असे निघाले.

लोहिया बाहेर का पडले, हे पाहणे अगत्याचे आहे. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांचे प्रजासमाजवादी मंत्रिमंडळ होते. त्याच्या पोलिसांनी ऑगस्टमध्ये तमिळ भाषिक आंदोलकांवर गोळीबार केला आणि माणसे दगावली. लोहिया पक्षाचे सरचिटणीस; पण त्या वेळी उत्तर प्रदेशातील पाटबंधाऱ्याच्या दरवाढीविरुद्धच्या आंदोलनात ते तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. पक्षाने तो मान्य केला नाही. मग लोहियांनी सरचिटणीसपद सोडले, वाद चिघळत गेला, आणि १९५५ अखेर त्यांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला.

या प्रसंगात कोण बरोबर, हा वाद जुन्या समाजवाद्यांच्या घरी अनेक वर्षे चालला. स्वतंत्र भारतात लोकांच्या सरकारने लोकांवर गोळी झाडू नये, हा लोहियांचा आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. परंतु ज्या पक्षाला प्रथमच कुठे राज्य चालविण्याची संधी मिळाली होती, त्याने ती चालविण्याची रीत शिकावयाची केव्हा, हाही प्रश्न खोटा नव्हता. दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली बसवून सोडविता आले असते. ते झाले नाही.

आणि आता ती गोष्ट सांगतो, जी मला या कथेचे मर्म वाटते. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे सेनापती बापटांसह सत्याग्रह्यांची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. जुलैत मधु लिमये गेले. दोघांनाही पोर्तुगीजांनी जबर शिक्षा ठोठावल्या आणि १९५७ पर्यंत दोघे त्यांच्या कैदेत राहिले. गोरे प्रजासमाजवादी, मधु लिमये लोहियांचे. बाहेर पक्ष दुभंगत होता, निष्कासनाचे ठराव होत होते. आणि आत दोन्ही बाजूंची माणसे एकाच शत्रूच्या कैदेत एकाच कारणासाठी होती. नाशिक, हजारीबाग, गोवा आणि पुढे आणीबाणी, अशी ही माळ पाहिली म्हणजे असे दिसते की, हा पक्ष तुरुंगात एक होत असे आणि मोकळ्या हवेत दोन होत असे. एकत्र सोसावे कसे, हे त्याला उत्तम ठाऊक होते. एकत्र नांदावे कसे, हे मात्र उमगले नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला याची सर्वांत बोचरी खूण एस. एम. आणि नानासाहेब यांच्या जोडीत सापडते. दोघेही पुण्याचे, तरुणपणापासूनचे सोबती, सेवा दलाचे आणि पक्षाचे आधारस्तंभ. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सरचिटणीसपदी एस. एम. होते, त्या चळवळीच्या लाटेत १९५७ साली नानासाहेब पुण्यातून लोकसभेवर आणि नाथ पै राजापुरातून निवडून आले. १९६३ साली अशोक मेहतांनी नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद स्वीकारले आणि पुढे ते काँग्रेसमध्ये गेले. मग १९६४ च्या जूनमध्ये प्रजासमाजवादी आणि लोहियांचा समाजवादी, हे दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले, एस. एम. त्या संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. वाचकाला वाटावे, चला, घर सांधले! पण १९६५ च्या जानेवारीत वाराणसीच्या अधिवेशनात पुन्हा फाटाफूट झाली. जुन्या प्रजासमाजवाद्यांतील बरेचसे आपले नाव घेऊन परत फिरले. नानासाहेब आणि नाथ पै तिकडे गेले; दिल्या शब्दाला जागून एस. एम. इकडेच राहिले. एकत्र आल्याला सात-आठ महिनेही झाले नव्हते.

१९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाने लोकसभेच्या २३ आणि प्रजासमाजवादी पक्षाने १३ जागा जिंकल्या. जॉर्ज फर्नांडिस यांनी मुंबईत स. का. पाटलांसारख्या बलाढ्य नेत्याला पाडले ते याच निवडणुकीत. पुढे १९७१ च्या निवडणुकीत दोघांच्या मिळून पाचच जागा आल्या, तेव्हा दोघे पुन्हा एक झाले. आणि वर्षभरात पुन्हा फुटले. कादंबरीत असा प्रसंग तिसऱ्यांदा आला तर वाचक पाने उलटू लागतो. मतदारानेही तेच केले.

मग या पक्षाने घराला कधी हातच लावला नाही काय? लावला, आणि तेव्हाच तो सर्वांत प्रभावी ठरला. मृणालताई गोरे गोरेगावात पाण्यासाठी झगडल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी महागाईविरुद्ध त्यांनी, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर आणि इतर भगिनींसह, बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. तेल, साखर, रॉकेल यांच्या भाषेत बोलणारे ते राजकारण होते. ते स्वयंपाकघरात समजत होते. आणि मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर मऊ गाद्या बसवावयास घेतल्या. समाजवादावर शेकडो ठराव झाले असतील; पण रात्रीच्या प्रवासात ज्याची पाठ टेकली, त्याला समाजवादाचा अर्थ या एका गादीने अधिक चांगला कळला असेल.

शेवटचे विलीनीकरण १९७७ चे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. जयप्रकाश, मधु लिमये, मृणालताई, दंडवते सारे तुरुंगात गेले. १९७६ साली लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली तेव्हा मधु लिमये आणि शरद यादव यांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले. नरेंद्र देवांनी लावलेला दिवा अजून विझलेला नव्हता. १९७७ च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या आणि संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल व समाजवादी पक्ष यांचा जनता पक्ष उभा राहिला. मे महिन्यात समाजवादी पक्ष त्यात रीतसर विलीन झाला.

याविषयी माझे मत स्पष्ट आहे. १९५२ चे विलीनीकरण हिशेबाचे होते, १९६४ चे हौसेचे, १९७७ चे मात्र कर्तव्याचे. देशात बोलण्याची सोय राहील की नाही, हाच प्रश्न असता आपल्या पक्षाचे नाव जपत बसणे या माणसांच्या स्वभावात नव्हते. ते चुकले असे कुणी म्हणू नये. पण कर्तव्य म्हणून घर सोडणाऱ्यानेही दाराची किल्ली कुणाकडे तरी ठेवावयाची असते. १९७९ साली दुहेरी सदस्यत्वाच्या वादावरून, जो उपस्थित करण्यात मधु लिमये यांचाच पुढाकार होता, जनता सरकार कोसळले. तेव्हा समाजवाद्यांना परत जावयास जागाच उरलेली नव्हती. जो तो जेथे सापडेल तेथे गेला. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला जयप्रकाश गेले.

मराठीत ‘विलीन’ हा शब्द आपण दोन प्रसंगी वापरतो. साखर दुधात विलीन होते तेव्हा दूध गोड होते. माणूस अनंतात विलीन होतो तेव्हा मागे रिकामी जागा राहते. समाजवादी पक्षाचे नेमके काय झाले? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, दोन्ही. पक्ष म्हणून जागा रिकामी राहिली. पण गोव्याचे स्वातंत्र्य, मुंबईसह महाराष्ट्र, कामगारांच्या संघटना, मंदिरांची उघडी दारे यांत त्यांची साखर आहे, आणि साखर कुठे आहे असे विचारले तर दूधवाल्यालाही ती काढून दाखविता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांच्या हातून जे विलीन करावयाचे राहून गेले, तेच टिकले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी काढलेले ‘साधना’ पक्ष संपल्यावरही चालत राहिले. सेवा दल कुठल्या पक्षात विसर्जित झाले नाही. त्याच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, वसंत बापटांनी गीते दिली. निळू फुले आणि राम नगरकर या कलापथकातून वर आले. ही माणसे ठरावांच्या भाषेत बोलत नव्हती. गावकऱ्याला हसवीत होती आणि हसता हसता त्याच्या जातीच्या अहंकाराला चिमटा काढीत होती.

त्यातला काही दोष आपल्याकडेही येतो. मध्यमवर्गीय मराठी घराने या माणसांवर प्रेम पुष्कळ केले. एस. एम. यांच्या साधेपणाच्या गोष्टी सांगितल्या, नाथ पैंच्या वक्तृत्वावर माना डोलावल्या, गुरुजींच्या पुस्तकावर डोळे ओले केले. पण मत देताना, “माणूस चांगला, पण निवडून यायचा नाही,” असे म्हणून दुसरीकडे शिक्का मारला. चांगुलपणा हा पूजेचा विषय आहे, कारभाराचा नव्हे, असे आपण ठरवून टाकले. पक्षाने घर बांधले नाही हे खरे. आपणही त्याला जागा दिली नाही.

पुन्हा नाशिकच्या तुरुंगाकडे येतो. दोन जन्मांपैकी पुस्तक जगले आणि पक्ष का जगला नाही? ‘श्यामची आई’त तुरुंग कुठेच नाही. तुरुंगात बसून गुरुजींनी घर लिहिले: गरिबी, कर्ज, हट्ट, रुसवे, आणि त्या सगळ्यांतून एकत्र राहण्याची रोजची शिकस्त. त्या आईचे सर्वांशी सदा पटत होते असे नव्हे. पण मतभेद झाला म्हणून तिने घराचे दोन भाग केले नाहीत. शेजारच्या कोठड्यांतील बुद्धिमान तरुणांनी समाजाची पुनर्रचना मांडली, तीही खरीच. पण रोजच्या नांदण्याचे शास्त्र मात्र त्या पाच रात्रींच्या लिखाणात राहिले, पक्षाच्या घटनेत उतरले नाही.

त्या मुलाला आता सांगीन, “बाळ, गुरुजींचा पक्ष एका घरात राहत नाही. पण पंढरपूरला देवळात जाशील तेव्हा उघड्या दारातून आत जाताना क्षणभर थांब. तो तेथून गेलेला आहे.” एवढ्याने त्याचे समाधान होईल की नाही, सांगता येत नाही. कदाचित तो विचारील, “मग तसा पक्ष पुन्हा कोणी का काढत नाही?” तो प्रश्न मी त्याच्याचसाठी ठेवून देतो.